वैकुंठरथाची रंगीत तालीम

गाडी बंद पडली ती नेमकी मंगल कार्यालयाच्या दारात. आत कुणाची तरी हळद चालली होती. ताशेवाले जेवायला बसण्याआधी शेवटचा हात मारून घेत होते. आणि बाहेर, मे महिन्याच्या भर दुपारी, वैकुंठरथातल्या काचेच्या पेटीत कांदा-बटाटा मार्केटातले बडे व्यापारी रावसाहेब भोईटे शांतपणे पडून होते. रथाच्या पुढे माणसं, मागे माणसं. मागची थांबली, पुढची मात्र रामनाम घेत तशीच चालत राहिली. आपण ज्यांना पोचवायला निघालो ते मागेच राहिलेत हे त्यांना पुढच्या चौकात कळलं, आणि मग ती सगळी मंडळी तोंडं मिटून उलटी परत आली.

"सयाजीकाका, परत?" मित्रमंडळाचा अध्यक्ष कुलदीप खिडकीशी येऊन दातांतल्या दातांत म्हणाला.

"गरम झालीय. दोन मिनटं द्या," म्हणत सयाजी पिसाळ खाली उतरला आणि त्यानं आपली सीट उचलली. या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली होतं. सीट उघडली तशी तंदूरचं झाकण काढल्यासारखी झळ आली. सयाजीनं बाटलीतल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि आतल्या एका काळ्या डबीवर हलकेच ठेवलं. चर्र झालं.

भोईट्यांचे पुण्याचे जावई पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात पुढे आले. "हे काय करताय तुम्ही?"

"पट्टी ठेवतोय," सयाजी म्हणाला. "ताप आलाय तिला."

एवढ्यात कार्यालयातून वधूपिता धावत आला. त्यानं आधी पेटीला हात जोडले, मग कुलदीपला. "तुमचं दुःख समजतंय हो मला. पण आमचे व्याही यायची वेळ झालीय. तेवढी गाडी जरा पुढं सरकवता का?"

भोईट्यांच्या दोन्ही मुलांनी बाह्या सारल्या. जावयांनाही हात लावावाच लागला. रावसाहेबांचे एक चुलते काठी टेकत म्हणाले, "मार्केट सोडून पाय निघत न्हाई गड्याचा." ज्याला हसू आलं त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. ढकलत ढकलत रथ स्मशानभूमीच्या फाटकाशी पोचला. तिथं सयाजीनं सवयीनं किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. झोप पूर्ण झालेल्या लेकरासारखी गुरगुरायला लागली. घामानं निथळणारे भोईटे बंधू तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर सयाजीला पुढे बरेच दिवस जेवताना आठवत राहिली.

सयाजी मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगावजवळचा. उमेदीची वर्षं त्यानं तुर्भ्याच्या मार्केटात टेम्पो चालवला, आणि तो असा चालवला की हमाल त्याच्या मागे बसायला घाबरायचे. रस्त्यात आडव्या येणाऱ्या प्रत्येकाच्या घराण्याचा तो मोठ्यानं उद्धार करायचा. पुढे गुडघ्यानं दगा दिला, टेम्पो सुटला, आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या मित्रमंडळानं त्याला वैकुंठरथावर घेतलं. त्या दिवसापासून माणूस बदलला. रथावर बसला की त्याच्या तोंडून वावगा शब्द नाही, हॉर्न नाही, कचकन ब्रेक नाही. उलट तो पेटीतल्या माणसाला सगळं सांगत जायचा. "खड्डा आलाय, हळू घेतो." "आता डावीकडं वळतोय." एकदा शेजारी बसलेल्या नातेवाइकानं विचारलं, कुणाशी बोलताय? सयाजी म्हणाला, "ह्यांच्याशीच की. झोपलेल्या माणसाला न सांगता हिसका दिला तर कसं वाटंल त्याला?" तो नातेवाईक तोवर रडला नव्हता, तो तिथं रडला.

सयाजीची बायको राजाबाई म्हणायची, "मेलेल्यांशी गुलुगुलु बोलतात. घरी आले की बॅटरी डाऊन."

गाडीचं म्हणाल तर तिच्यावर इतक्या जणांनी हात चालवले होते की तिची तिला ओळख राहिली नसेल. मूळची ती शाळेची मुलं नेणारी व्हॅन. मंडळानं घेतल्यावर एकानं तिची मागची बाकं काढून काचेची थंड पेटी बसवली. दुसऱ्यानं तिला पेट्रोलवरून गॅसवर आणलं. तिसऱ्यानं टपावर भोंगा आणि भजनाचं यंत्र चढवलं. चौथ्यानं चहूबाजूंनी दिव्यांची माळ लावली. प्रत्येकानं आपलं काम झकास केलं आणि आधीच्यानं काय केलंय ते बघितलं नाही. त्यामुळे पेटी थंड करायला घेतली की भजन रडायचं, भजन मोठं केलं की दिवे मंदावायचे, आणि उन्हात, चालत्या माणसांच्या वेगानं थोडं अंतर गेलं की गाडी मुकाट्यानं बंद पडायची. आणि वैकुंठरथ तर चालत्या माणसांच्या वेगानंच न्यायचा असतो. तो पळवला तर मागचे पळणार कसे?

रावसाहेबांच्या दहाव्यानंतर कुलदीपनं सयाजीला मंडळाच्या ऑफिसात बोलावलं. कुलदीप वाईट पोरगा नव्हता. त्यानं आधी चहा मागवला.

"काका, तुमच्यावर राग नाय आपला. पण लोक बोलतात. एक ट्रान्सपोर्टवाला आहे, मोठी गाडी देतोय, फुल एसी. ड्रायव्हर त्याचाच."

"आन मी?"

"तुमी मार्गदर्शक."

"म्हंजी काय करायचं?"

"म्हणजे... मार्गदर्शन."

"कुणाला? मेलेल्याला? त्याला रस्ता ठावं असतोय," सयाजी म्हणाला.

कुलदीपनं कपात बघितलं. "बघा, पुढच्या मीटिंगला विषय घेतो. तोपर्यंत चालवा तुमी. पण आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना काका, तर चावी आणून ठेवायची. टेन्शन नको डोक्याला."

सयाजी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. राजाबाईनं कणीक मळता मळता सगळं काढून घेतलं. रबाळ्याच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत ती जेवणाचे डबे द्यायची, त्यामुळे तिथल्या निम्म्या माणसांच्या पोटाची आणि स्वभावाची तिला माहिती होती.

"तुमी त्या धम्मपालला दाखवा," ती म्हणाली. "त्याच्याकडं असल्याच गाड्या येतात. मूळची कळा ऱ्हायलेली एक बी नसती."

धम्मपाल परभणीकडचा. रबाळ्याच्या एका शेडमध्ये त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं काम चालायचं, आणि त्याची खरी गिऱ्हाइकं म्हणजे हौशी पोरं. जमिनीला घासणाऱ्या गाड्या, रुंद टायर, मागून तोफेसारखा आवाज. रविवारी सकाळी वैकुंठरथ शेडसमोर आला तेव्हा तिथं एक नारिंगी आणि एक जांभळी गाडी उभी होती. सयाजीनं रथ अगदी अदबीनं त्या दोघींच्या मध्ये लावला. कुणीतरी गाणी बंद केली. एकानं सवयीनं टोपी काढली, आणि मग आपण टोपी का काढली म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

"दादा, ही माझ्या गाडीला खेटून नको ना," नारिंगी गाडीचा मालक शिवतेज कळवळून म्हणाला. "उद्या लोणावळ्याला चाललोय मी."

"ही तुला न्यायला नाही आली बाबा, दुरुस्तीला आलीय," धम्मपाल म्हणाला आणि त्यानं सीट उचलली. त्या काळ्या डबीकडे बोट करून म्हणाला, "कॉइल गेलीय काका. हीच ठिणगी देते. ही तापून बसली की ठिणगी बंद, इंजिन बंद. थंड झाली की पुन्हा शहाणी. आपण हिला शर्यतीच्या गाडीची कॉइल टाकू. विषयच संपला."

त्यानं लालभडक, चकचकीत कॉइल बसवली. सयाजीला ती इतकी आवडली की सीट बंद करण्याआधी त्यानं ती राजाबाईला दाखवायची म्हणून फोटो काढला. परत जाताना घणसोलीच्या सिग्नलला गर्दीत अडकून रथ हळूहळू सरकत राहिला आणि सिग्नलपाशीच बंद पडला. दिवा हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. मागे ही लांब रांग. पण वैकुंठरथाला हॉर्न कसा द्यायचा? एकानंही दिला नाही. मोटारसायकलवरचा एक जण जाता जाता नमस्कार करून गेला. सयाजीनं मेल्याहून मेल्यासारखं होऊन सीट उचलली आणि लाल कॉइलवर ओलं फडकं ठेवलं. चर्र.

धम्मपाल चांगलाच ओशाळला. त्यानं रथ पुन्हा शेडमध्ये आणवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गाडीखाली उताणा पडून होता. बाहेर आला तो तोंडाला काजळी लावून.

"चुकलंच माझं काका. कॉइल चांगली होती, जुनी बी चांगली होती. शेजार वाईट आहे. हे बघा. गॅसची टाकी-नळ्या बसवणाऱ्यानं जागा करायला कॉइल उचलून सायलेन्सरच्या नळीला चिकटवली. ती नळी म्हणजे पेटलेली चूल. गाडी पळत असली की वारा लागतो, निभतं. तुम्ही पडले चालीनं जाणारे. चुलीवर शालू वाळत घालायलाव आणि जळला की नवा शालू आणायलाव."

"मग?"

"मग शालू हलवायचा, आणि चूल झाकायची."

गॅसवरच्या गाडीला ठिणगी जोरकस लागते, हे त्यानं समजावून सांगितलं. आणि इथं पेटी, भोंगा, दिवे सगळे त्याच वायरीतून वीज ओढून घेत होते, मग ठिणगीला उरणार काय? त्यानं कॉइल थेट पुढे जाळीमागे, वाऱ्याच्या तोंडावर नेली. तिच्यासाठी वेगळी वायर टाकली. बाकीच्या चोचल्यांना वेगळी. प्लग बदलले, नळी आणि वायरींच्या मध्ये पत्र्याचा पडदा ठोकला. राहता राहिली नळी. तिला गुंडाळायची उष्णता अडवणारी पट्टी मिळत होती, पण मागवायला आठवडा लागणार होता.

शिवतेजची लोणावळ्याची गाडी अजून तिथंच होती, कारण शेजारी रथ असताना तो किल्ली लावायला धजत नव्हता. तो डिकीकडे गेला आणि एक नवं कोरं भेंडोळं घेऊन आला. "ही घ्या काका. माझ्या सायलेन्सरला आणलेली. तुमची गाडी आज इथून हलली पाहिजे, बस."

धम्मपालनं ती पट्टी पाण्यात भिजवून नळीला वेढे दिले. पाय मोडलेल्या माणसाला प्लास्टर घालावं तशी नळी दिसायला लागली.

"झालं?" सयाजीनं विचारलं.

"मागच्या वेळी झालं म्हणालो आणि तोंडावर पडलो," धम्मपाल म्हणाला. "आता बघितल्याशिवाय बोलणार नाही. भर उन्हात, चालीनं, वजन टाकून, पेटी चालू ठेवून, वसाहतीपासून स्मशानापर्यंत. मधे थांबायचं नाही."

अशी ती चाचणी ठरली. सयाजीनं मार्केटातल्या जुन्या ओळखीवर कांद्याची दोन पोती आणली आणि पेटीत लांबीनं ठेवली. कांदे दिसले तर बरं दिसणार नाही म्हणून वरून पांढरी चादर घातली. धम्मपाल तापमान दाखवणारं यंत्र घेऊन पेटीशेजारी उकिडवा बसला. दर थोड्या वेळानं सीटखालच्या फटीतून तो ते यंत्र इंजिनावर रोखणार होता. आणि मागून धूर कसा येतो ते बघायला कुणीतरी हवं होतं. राजाबाई नुकतीच डबे देऊन आली होती. "बघते मी," ती म्हणाली, आणि डोक्यावर छत्री, हातात रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन रथामागे चालू लागली.

आता हे रस्त्यावरून कसं दिसत असेल ते तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रणरणत्या उन्हात एक वैकुंठरथ. पुढे कोणी नाही. मागे एकटी बाई, पिशवी घेऊन, रथाच्या बुडाकडे टक लावून चाललेली.

पहिल्यांदा थांबला तो एक रिक्षावाला. त्यानं रिक्षा कडेला लावली, क्षणभर बघितलं आणि राजाबाईच्या मागे चालायला लागला. मग एका सोसायटीचा वॉचमन आला. मग औषधांच्या दुकानातून बाहेर पडलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेला एक तरुण. फुलवालीनं गजरे बाजूला सारून झेंडूचा एक मोठा हार आणला आणि चालत्या रथाच्या तोंडावर अडकवला. घणसोली गावातले एक म्हातारे, मारोती पाटील, डोक्यावर टोपी, हातात मासळीची पिशवी, ते राजाबाईच्या शेजारी आले.

"कोन गेला गो बाय?"

राजाबाईला खोटं बोलवेना आणि खरं सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार. "आमच्या घरचं कोणी न्हाय," ती म्हणाली.

"मंग कोनाचा?"

"कोणाचंच न्हाय."

मारोतीबाबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मागे वळून हलक्या आवाजात सांगितलं, "बेवारस हाय. बायच येकटी पोचवाला निंगाली." ती बातमी मागे मागे गेली आणि जाता जाता वाढली. चौकातल्या हवालदारानं हात आडवा करून चारी बाजूंची वाहनं थांबवली. दोन बायका पदर डोक्यावर घेऊन सामील झाल्या. कुणीतरी म्हणालं, आत मुलगा बसलाय बघा, घामानं अश्रूनं भिजलाय बिचारा. तो धम्मपाल होता.

"काका," तो आतून कुजबुजला, "माणसं यायलीत."

"दिसतंय मला आरशात."

"सांगा की त्यांना."

"तूच सांग."

"मी कसा सांगू? मी रडायलोय म्हणतेत बाहेर."

"थांबवू का गाडी?"

"थांबवू नका! गरम झालीय आता खरी. हीच वेळ आहे."

सयाजीच्या पायानं वेग चुकवला नाही. "पुढं ब्रेकर हाय, हळू घेतो," तो नेहमीच्या मायेनं म्हणाला, आणि आपण कांद्यांना सांगितलं हे त्याच्या लक्षात आलं.

याच वेळी कुलदीपची गाडी समोरून आली. आपला रथ, एवढी माणसं, आणि अध्यक्षांना पत्ता नाही! तो घाईघाईनं उतरला, पायातले बूट काढून गाडीत टाकले आणि राजाबाईला गाठून म्हणाला, "काकू, कोण गेलं? मला कळवायचं नाय का?"

"गुमान चला," राजाबाई म्हणाली. कुलदीप गुमान चालला. मात्र अध्यक्ष असल्यामुळे त्याला राहवलं नाही. त्यानं पुढे जाऊन खिडकीतून सयाजीला सांगितलं, "काका, भजन लावा की. एवढी माणसं आलीत."

चाचणीत भजन धरलं नव्हतं. सयाजीनं आरशातून धम्मपालकडे बघितलं. धम्मपालनं डोळे मिटले. सयाजीनं बटण दाबलं. इंजिन एकदा खोल गेलं, जसा माणूस उचकी गिळतो तसं; आणि मग भोंग्यातून स्वच्छ, ठणठणीत अभंग सुरू झाला आणि इंजिन त्याच्याखाली एका सुरात चालत राहिलं. पेटी थंड, दिवे लखलखीत, भजन सुरात. ही गाडी मंडळाकडे आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. सयाजीचे डोळे भरून आले. ते बघून बाहेरच्या दोघाचौघांचेही आले.

फाटकाशी रथ थांबला तेव्हा मागे चांगली तीसेक माणसं होती. रिक्षावाला, वॉचमन, तो तरुण आणि कुलदीप असे चौघे खांदा द्यायला पुढे आले. आता काही इलाज नव्हता. सयाजी खाली उतरला. त्यानं टोपी काढली.

"माफ करा मंडळी," तो म्हणाला. "आत कोणी न्हाय."

कुणाला कळलं नाही. तेव्हा त्यानं मागचं दार उघडलं. आधी धम्मपाल बाहेर आला, हातात पिस्तुलासारखं ते यंत्र. मग सयाजीनं चादर ओढली. थंड झालेली दोन पोती शेजारी शेजारी पहुडली होती.

"गाडी बंद पडायची सारखी," सयाजी म्हणाला. "रिपेर केली. चालवून बघत हुतो. तुमी आलात. मधे थांबलो आस्तो तर कळलं नसतं."

"म्हणजे आम्ही कांदे पोचवायला आलो?" गळ्यात कार्ड असलेला तरुण म्हणाला. "हाफ डे गेला माझा!"

"मी ड्युटी सोडून आलोय," वॉचमन म्हणाला. "सेक्रेटरीला काय सांगू आता?"

कुलदीप अनवाणी उभा होता आणि कानापर्यंत लाल झाला होता. एक बाई फसकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. सगळं आता कुठे जाईल ते सांगता येत नव्हतं. मारोतीबाबा फाटकाच्या पायरीवर बसले. त्यांनी पोत्यांकडे बघितलं, मग सयाजीकडे.

"कोन मेला नाय ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाय बाबा."

"नक्की नाय?"

"नक्की."

"मंग बरा झाला," मारोतीबाबा म्हणाले. "लय बरा झाला." आणि पिशवीतल्या मासळीवर माशा बसत होत्या त्या हाकलायला लागले.

तरुण स्वतःशीच हसला. रिक्षावाला वॉचमनला सोडतो म्हणाला. फुलवालीला हार परत द्यायला सयाजी गेला तर ती म्हणाली, राहू दे, चांगला दिसतोय. पांगापांग झाली.

कुलदीप मात्र रथाभोवती फिरत राहिला. त्यानं सीटवर हात ठेवून पाहिला. "बंद नाय पडली."

"न्हाय."

"भजन लावून."

"भजन लावून."

कुलदीपनं मान खाली घातली. "काका, मीटिंग परवाच झाली. घाईत घेतली. त्या ट्रान्सपोर्टवाल्याला हो म्हणून टाकलंय आमी. तुमाला सांगायला तोंड नव्हतं."

राजाबाईनं छत्री मिटली. धम्मपाल यंत्राची बटणं दाबत बसला. सयाजीनं पेटीची काच आपल्या टोपीनं पुसली आणि विचारलं, "आन हिचं काय?"

"भंगारात जाईल."

"कनाला?" पायरीवरून मारोतीबाबा म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "चालते ना चांगली? माझे भैनीचे गावान द्या. तिकरं उरणला. मानूस मेला का मालाचे टेम्पोन घालून नेतान, रेतीचे टेम्पोन. शोभतं का तुमीच सांगा."

कुलदीपनं त्या दिवशी तेवढं एक काम मनापासून केलं. मंडळाच्या सभासदांशी भांडून त्यानं रथ उरणजवळच्या त्या गावाला देऊन टाकायला लावला. पोचवायला सयाजीच गेला. राजाबाई शेजारी बसली होती. पेटीत कोणी नसल्यामुळे ती म्हणाली, "आज जरा पळवा की," पण सयाजीला ते जमलं नाही.

गावानं देवळासमोर मांडव घातला होता. तिथं मुलांची रिक्षा चालवणाऱ्या मंजुषाला गाडी चालवायला नेमलं होतं. तिशीतली, दंडात बळ असलेली बाई. सयाजीनं तिला सीट उचलून सगळं दाखवलं. कॉइल कुठली, पट्टी कुठली, कुठल्या वायरीवर कशाचा भार टाकायचा नाही, जाळीत कचरा अडकला तर काढायचा. ती प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होती. मग म्हणाली, "काका, एक चक्कर मारून येऊ?"

सयाजीनं किल्ली दिली.

मंजुषानं गाडी सुरू केली आणि खाडीच्या बाजूच्या रस्त्यानं घेतली. कुणीतरी सयाजीला खुर्ची दिली, ती त्याला दिसली नाही. इतकी वर्षं तो आतच बसलेला होता. ही गाडी निघून जाताना कशी दिसते, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मिठागराच्या बांधाकडेनं ती सावकाश, एकदाही न अडखळता, लहान लहान होत गेली, आणि सयाजी इतर माणसांसारखा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा राहिला.